पिल्लू एक दिवस उठतं आणि परत गळपटतं, घरी नेमकं काय चुकतंय ते बघा

दर वर्षी संक्रांतीच्या आगेमागे मला हेच फोन येतात. "ताई, काल बरं होतं हो, शेपूट हलवत होतं, वाटीभर दूध प्यायलं, आणि आज परत निपचित पडलंय, जुलाब तर थांबतच नाहीत." कधी दोन दिवस बरं असतं, कधी चार, पण कहाणी तीच. संक्रांतीलाच का, तर आपल्याकडे गावातल्या बहुतेक कुत्र्या भादव्यात माजावर येतात, पोटात पिल्लं ६३ दिवसांच्या आसपास राहतात, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात विणार, आणि पिल्लं सहा-सात आठवड्यांची होतात तेव्हा नेमकी थंडी कडक असते, आईचं दूध तुटत आलेलं असतं, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती उतरायला लागलेली असते आणि पोटात जंत भरलेले असतात. सगळं एकदमच येतं.

मी वाई तालुक्यात राहते, डॉक्टर नाहीये, पण आमच्या वस्तीवरची पिल्लं गेली नऊ वर्षं सांभाळतेय. त्यातली काही माझ्या हातात गेली, आणि आता मागे वळून बघते तर त्यातली निदान दोन तरी वाचली असती. म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

आधी एक सांगते. हे वाचत बसायच्या आधी पिल्लाकडे बघा. जुलाबात रक्त आणि घाण कुजका वास, पाणी पाजलं की लगेच उलटी आणि असं दोन-तीनदा झालं, हिरड्या पांढऱ्याफटक किंवा पिवळ्या, झटके, हाक मारली तरी मान उचलत नाही, किंवा अंग थंडगार, यातलं एक जरी असेल तरी घरचा उपाय पहिला नाही. आत्ता डॉक्टर गाठा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरांचे डॉक्टर असतात म्हणून लोक कुत्र्याला नेत नाहीत, पण ते कुत्र्यालाही बघतात, सलाईन लावतात. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर आहे. आमच्या बाजूच्या लोकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, मुंबईत परळचं आहे. पुढे जे लिहितेय ते डॉक्टरांनी एकदा बघून घरी पाठवलेल्या पिल्लासाठी, किंवा रात्री दोन वाजता सकाळपर्यंत तग धरायला.

आणि अजून एक, ते पण आधीच. रस्त्यावरचं पिल्लू, लस नाही, तोंडातून लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाहीये, आवाज बदललाय, तर घशात काही अडकलंय समजून बोटं घालू नका. रेबीज पिल्लालाही होतो. चावलं किंवा दात-नख लागलं, किंवा हातावरच्या जखमेला लाळ लागली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शनचा कोर्स सुरू करायचा आणि पूर्ण करायचा. पिल्लू एवढंसं आहे, त्याला काय होतंय, असं म्हणून बसायचं नाही.

आता मुद्दा. पिल्लू परत का पडतं?

माझ्या अनुभवात दहातल्या सहा-सात वेळा उत्तर एकच असतं, पाणी पाजलं पण मोजलं नाही. लोक म्हणतात "भरपूर पाजलं". मी विचारते किती, तर सकाळी दहा चमचे, संध्याकाळी दहा चमचे. चमचा ५ मिलीचा धरला तर १०० मिली झालं. आता मागच्या वर्षीच्या तांबडीचा हिशेब सांगते (रंगावरून नाव, साधारण सात आठवड्यांची होती). माझ्याकडे आली तेव्हा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर १६४० ग्रॅम. डोळे आत गेलेले, हिरड्या चिकट. डॉक्टर म्हणाले दहा टक्के पाणी गेलंय, म्हणजे १६४ मिलीचा खड्डा आधीच पडलेला. त्या वयाच्या पिल्लाला नुसतं जगायला किलोमागे दिवसाला साधारण १०० मिली लागतं, मोठ्या कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे अजून १६४. झाले ३२८. आणि वर जे जुलाबातून रोज जातंय ते वेगळंच. म्हणजे १०० मिली पाजून आपल्याला वाटतं आपण केलं, आणि तिकडे पिल्लू दर तासाला अजून कोरडं पडत असतं. मधे एखादा दिवस तरतरी दिसते ती साखरेमुळे किंवा डॉक्टरांनी दिलेल्या सलाईनमुळे, ती उतरली की परत खाली.

म्हणून पहिलं काम वजनकाटा आणि वही. किराणा मोजायचा साधा डिजिटल काटा चालतो, वर एक टोपली ठेवायची. सकाळ-संध्याकाळ वजन, तेही एकाच वेळेला, खायच्या आधी. एका रात्रीत ७० ग्रॅम कमी झालं तर ती काही चरबी गेली नाही, ७० मिली पाणी गेलं. एवढं सरळ मोजमाप दुसरं नाही. खाली वर्तमानपत्र घालायचं आणि घाण झालेला कागद टाकायच्या आधी काट्यावर ठेवायचा, कोऱ्या कागदाचं वजन वजा केलं की किती गेलं ते कळतं, तेवढं वरचं पाजायचं. मला सुरुवातीला हे सगळं जास्तीचं वाटायचं. आता वहीशिवाय मी पिल्लाला हातच लावत नाही.

कोरडं पडलंय की नाही ते बघायला सगळे मानेवरची कातडी चिमटीत धरतात आणि परत किती वेळात बसते ते बघतात. मोठ्या कुत्र्याला ठीक आहे, पण अगदी लहान पिल्लाची कातडी वेगळीच असते, आणि हाडकुळ्या पिल्लाची कातडी पाणी असलं तरी तशीच उभी राहते, त्यामुळे फसगत होते. हिरड्या बघा. बोट आत फिरवा, आपल्या गालाच्या आतल्या बाजूसारखं ओलं बुळबुळीत लागलं पाहिजे, बोट चिकटलं तर पाणी कमी. मग हिरडी बोटाने दाबून सोडा, पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. आणि शू बघा. गडद पिवळी, किंवा सहा-आठ तासांत झालीच नाही, तर कमी पडतंय.

आता क्रम. हा क्रम चुकल्यामुळे माझं एक पिल्लू गेलंय, काळं होतं, चार वर्षांपूर्वीचं. पहाटे शेडमागे सापडलं, गार पडलेलं, मी घरी आणलं आणि जिवाच्या आकांताने कोमट दूध पाजलं. प्यायलं पण. अर्ध्या तासाने पोट फुगलं, नाकातून दूध आलं, दुपारपर्यंत गेलं. मला वाटलं उशीर झाला होता. नंतर डॉक्टरांनी समजावलं की अंग थंड असताना आतडं चालतच नाही, आत गेलेलं दूध तसंच पडून राहतं, आंबतं, नाहीतर उलटून फुप्फुसात जातं. मी त्याला उपाशी ठेवून नुसतं उबेत ठेवलं असतं तर कदाचित जगलं असतं. हे मला आजही लागतं.

म्हणून आधी ऊब. थर्मामीटर लावा, साधा डिजिटल, टोकाला व्हॅसलीन लावून शीच्या जागेत हळूच एक सेंटिमीटरभर. सहा-सात आठवड्यांच्या पिल्लाचं साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्या हाताला ते गरमच लागतं, ताप आलाय असं वाटतं पण तसं नसतं. (पहिल्या आठवड्यातलं पिल्लू मात्र मुळातच थंड असतं, ९५ ते ९९, त्याला हे आकडे लावू नका.) मी ९७ ही रेघ धरते, त्याखाली असेल तर तोंडाने दूध, पाणी, खाणं काही नाही. गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली टॉवेलात गुंडाळून टोपलीच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे जास्त झालं तर सरकायला जागा राहते, आणि तास-दोन तासांत हळूहळू चढू द्यायचं. शेकोटीजवळ धरायचं नाही, हेअर ड्रायर मारायचा नाही, एकदम गरम केलं तर रक्त सगळं कातडीकडे धावतं आणि पिल्लू कोसळतं, शिवाय अशक्त पिल्लाला भाजलेलं कळतही नाही. आणि उलट १०३.५ - १०४ च्या वर असेल तर ऊब नको, डॉक्टर हवा.

ऊब देताना त्याच वेळी साखर. लहान पिल्लाच्या अंगात साठा जवळजवळ नसतोच, काही तास उपाशी राहिलं की रक्तातली साखर पडते, मग थरथर, लडखडणं, झटके. थोडा मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचा, दोन-चार थेंब, गिळायला लावायचं नाही, तसाच शोषला जातो. पाच-दहा मिनिटांत डोळे उघडले तर समजा साखरच पडली होती. पण बरेच जण इथेच फसतात, पिल्लू उठलं म्हणून झोपायला जातात. तो परिणाम थोडाच वेळ टिकतो. सकाळी उठून बघतात तर परत तेच, आणि मग म्हणतात "रात्री तर चांगलं होतं".

अंग गरम झालं, गिळतंय, की मग पाणी. साधं पाणी नाही, ओआरएस. मेडिकलमधलं पावडरचं पाकीट, पाठीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं, मोठं असेल तर एक लिटरला, छोटं असेल तर २०० मिलीला, पाकीट पूर्ण टाकायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पाण्यात टाकू नका, प्रमाण बिघडलं की मीठ जास्त होतं नाहीतर कमी. उकळून गार केलेलं पाणी, आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. डब्यातली गोड, फळांच्या चवीची तयार पेयं नकोत, त्यात साखर इतकी असते की जुलाब वाढतात, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने (देशाचं अन्नसुरक्षेचं प्राधिकरण) अशा पेयांवर ओआरएस लिहायलाच बंदी केली, माणसाच्या बाळांचं तेच होत होतं. शुगर फ्री काहीही नको, त्यात झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विष आहे. रात्री पाकीट मिळालं नाही तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. नारळपाणी बरेच जण देतात, त्यात मीठ फार कमी, पोटॅशियम जास्त, थोडं दिलं तर हरकत नाही पण ओआरएसच्या जागी नाही.

पाजायचं कसं, ते जास्त महत्त्वाचं. तांबडीचे ३२८ मिली २४ तासांत म्हणजे तासाला साधारण १४, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी साडेतीन मिली. ऐकायला काहीच नाही वाटत, पण तेवढंच पोटात राहतं. एकदम २० मिली दिलं की पोट ताणलं जातं आणि सगळं बाहेर, वर आधीचं होतं तेही घेऊन. ५ मिलीची सिरिंज, सुई काढून. पिल्लू पोटावर बसलेलं, मान सरळ, बाळासारखं उताणं धरायचं नाही आणि तोंड वर करायचं नाही. गालाच्या कोपऱ्यातून, दातांच्या बाजूने, एका वेळी अर्धा मिली, गिळलं की पुढचा. खोकला आला, नाकातून आलं, श्वास घरघरला की थांबा. फुप्फुसात गेलेल्या पाण्याने जो न्यूमोनिया होतो तो दोन दिवसांनी दिसतो आणि तेव्हा लोक म्हणतात जुलाब थांबले होते तरी परत का पडलं. परत पडायचं हेही एक कारण आहे, आणि ते आपल्याच हातचं.

रात्री आम्ही पाळी लावतो, मी दोनपर्यंत, मग आमचे हे. एकट्याने तीन रात्री होत नाही हो, झोप लागतेच, कुणाला तरी सोबत घ्या.

उलटी झाली तर? तासभर काही नाही. मग १ मिली, दहा मिनिटं थांबून परत १ मिली, असं करत वाढवायचं. तरी परत उलटी, तर तोंडाचा रस्ता बंद आहे असं समजायचं आणि हट्ट करायचा नाही. डॉक्टर उलटीचं इंजेक्शन देतात, कातडीखाली किंवा शिरेतून सलाईन देतात. आमच्या डॉक्टरांनी मला कातडीखालचं शिकवलंय आणि ते शिकून घेण्यासारखं आहे, पण समोर बसून, व्हिडिओ बघून नाही. त्यातलं एवढंच सांगते. बाटली आरएल (रिंगर लॅक्टेट) किंवा एनएस (साधं मिठाचं सलाईन), आणि किती द्यायचं ते डॉक्टर वजनावर लिहून देतात. ज्या बाटलीवर डी-५ किंवा डीएनएस लिहिलंय, म्हणजे ग्लुकोजची, ती कातडीखाली नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवून मनगटावर थेंब टाकून बघायचा. दर वेळी नवी सुई. खांद्यांच्या मधे उंटाच्या मदारीसारखा फुगा येतो, कधी घसरून पुढच्या पायात उतरतो, घाबरायचं नाही, सहा-आठ तासांत जिरतो. जिरलाच नाही तर मात्र त्याचा अर्थ रक्त तिथपर्यंत पोचतच नाहीये, पिल्लू थंड आहे किंवा शॉकमध्ये आहे, त्याच्यावर अजून देऊन उपयोग नाही, शिरेतूनच लागणार.

आता खाणं, आणि इथे मी तांबडीची गोष्ट पुढे सांगते कारण तिचं जे झालं ते सगळ्यांचं होतं. पहिल्या रात्री सलाईन आणि ओआरएसवर १६४० ची १७१० झाली. दुसऱ्या दिवशी उठून बसली, संध्याकाळी पडवीत चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर १५८०. मला कळेना, वहीत सगळं बरोबर, रात्रभर पाजलेलं. मग शेजारचा पोरगा आनंदाने सांगत आला, "मावशी, तिने काल वाटीभर दूध प्यायलं, बिस्किटं पण खाल्ली!" त्याची काही चूक नाही, त्याला वाटलं भुकेली आहे, आपल्याकडे प्रत्येक घरात कुत्र्याच्या पिल्लाला दूध-बिस्किटंच देतात. पण गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधापेक्षा लॅक्टोज जास्त असतं आणि प्रथिनं, स्निग्ध निम्म्याहून कमी. पिल्लाचं आतडं आधीच सोललेलं असतं, त्याला ते लॅक्टोज पचत नाही, ते तसंच मोठ्या आतड्यात जातं आणि अंगातलं पाणी ओढून घेऊन जुलाब करतं. म्हणजे आपण पाणी भरतोय आणि दूध ते बाहेर काढतंय. सहा-सात आठवड्यांच्या पिल्लाला दुधाची गरज नाही, खालच्याला पिल्लांसाठीचं पावडरचं दूध मिळतं ते द्या. आणि घरातल्या सगळ्यांना, शेजारच्यांना, पोरांना आधीच सांगून ठेवा. मी आता टोपलीला चिठ्ठीच लावते.

उलटी थांबून सहा-आठ तास झाले की खायला सुरू करायचं, दोन दोन दिवस उपाशी ठेवायची जुनी पद्धत आहे ती करू नका, आतड्याला बरं व्हायला अन्न लागतंच. कातडी काढलेलं चिकन नुसत्या पाण्यात उकडून, हाडं काढून, बारीक कुस्करून, मऊ गिचका भात घालून. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण अजिबात नाही, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी फुटतात. शाकाहारी घरात भाताची दाट पेज एक-दोन दिवस चालते, पण त्याच्यावर आठवडा काढता येणार नाही. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी एक चहाचा चमचा. हो, एकच. पिल्लू अजून मागतं, रडतं, आपला जीव तुटतो, पण एकच. शी घट्ट व्हायला लागली की दुसऱ्या दिवशी दीड, मग दोन, असं चार-पाच दिवसांत पोटभर. घाई केली की परत पहिल्या दिवसावर.

माणसांची औषधं. जुलाब थांबवायची गोळी देऊ नका, लोपेरामाइड म्हणजे ती, आतडं गप्प होतं आणि आतली घाण, जंतू आतच राहतात, लहान पिल्लाला ती थेट विषारीही पडते. तापाची पॅरासिटामॉल, दुखण्याची आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही म्हणजे नाही, कोरड्या पडलेल्या पिल्लाची किडनी किंवा लिव्हर एका डोसात जाऊ शकते. घरात उरलेलं अँटिबायोटिक पण नको.

हे सगळं बरोबर केलं आणि तरी परत पडतंय, तर मग खरं कारण आत आहे.

तांबडी दहाव्या दिवशी १९६० झाली, मी निर्धास्त झाले, आणि तेराव्या दिवशी १८८०. दूध नाही, काही नाही. शी मऊ, काळपट, आणि हिरड्या गुलाबी असायच्या त्या फिक्या. त्या दिवशी ताजी शी स्वच्छ डबीत घालून दोन तासांच्या आत दवाखान्यात नेली, सूक्ष्मदर्शकाखाली हुकवर्मची अंडी आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) दोन्ही निघाले. हुकवर्म आईच्या दुधातूनही येतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. गोल जंत तर पिल्लू पोटात असतानाच आईकडून येतात, शेवयांसारखे शीतून किंवा उलटीतून पडतात ते. म्हणजे घरात जन्मलेलं, कधी बाहेर न गेलेलं पिल्लूही जंतांशिवाय नसतं. जंताचं औषध म्हणूनच दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी देतात, एकदा देऊन भागत नाही कारण औषध आतड्यातले मोठे मारतं, अंगात फिरणारे लहान नंतर येऊन पोचतात. तांबडीला पहिला डोस दिला होता, दुसरा राहिला होता. माझ्याकडूनच राहिला. मात्र पिल्लू अगदी आडवं असताना जंताचं औषध घाईने देऊ नका, आधी पाणी भरू द्या, डोस वजनावर डॉक्टरांकडून घ्या. आणि कॉक्सिडिया, जिआर्डिया हे साध्या जंताच्या औषधाने जात नाहीत, त्यांची औषधं वेगळी, म्हणून शीची तपासणी. "जंताचं दिलंय" एवढ्यावर थांबू नका.

आणि पार्व्हो, विषाणूमुळे होणारा आतड्याचा आजार. सहा आठवडे ते सहा महिने वय, एकदम मलूल, खाणं बंद, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब आणि तो वास, ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. दवाखान्यात शीवरून दहा मिनिटांत टेस्ट होते. उपचार केले नाहीत तर बहुतेक पिल्लं जातात. पण उपचार केले तर तेवढं निराश व्हायचं कारण नाही, अमेरिकेतल्या कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीने तुलना केली होती, दवाखान्यात भरती केलेली ९० टक्के वाचली आणि घरच्यासारख्या पद्धतीने, कातडीखाली सलाईन, उलटीचं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन देऊन सांभाळलेली ८० टक्के. भरतीचा खर्च झेपत नाही म्हणून पिल्लू सोडून देणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते. फक्त त्यातली एक गोष्ट लोक विसरतात, त्या ८० टक्क्यांनाही सुरुवातीला शिरेतून सलाईन देऊन आधी सावरलं होतं आणि नंतर रोज डॉक्टरांची नजर होती. पहिला दिवस दवाखान्यातच.

पार्व्होचं पिल्लू बरं होऊन दुसरं त्याच जागी पडतं, हेही दर वर्षीचं. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने, वर्षभरही राहतो, आणि फिनेलने मरत नाही. आधी घाण धुऊन काढायची, मग धुण्याचं लिक्विड ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, फरशी दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे, मग धुवायची, तोपर्यंत पिल्लू बाहेर. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. मातीच्या अंगणात ब्लीच काम करत नाही, तिथे लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणायचंच नाही. गोणपाट, दोऱ्या जाळून टाका. आणि आपल्या चपला, त्या फार विसरतात.

लसीचं पण तेच, एक डोस दिला म्हणजे झालं असं नसतं. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीलाच अडवते, आणि ती कुठल्या पिल्लात कधी संपेल ते सांगता येत नाही, म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. आजारी असताना लस नाही, आधी बरं होऊ द्या.

तांबडी आता शेजारच्या त्या पोराकडेच आहे, वजन तोच करतो, वहीही त्याच्याकडेच दिली. तिची चार भावंडं शेडमध्येच होती, ती दिसायला ठणठणीत होती म्हणून माझं लक्ष नव्हतं, तिचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी चौघांना काट्यावर घातलं तर दोघांच्या हिरड्या तिच्यासारख्याच फिक्या निघाल्या. तुमच्याकडे एक पिल्लू आजारी असेल तर बाकीची आजच मोजा, हिरड्या बघा, आणि शीची डबी नेताना त्यांचीही बरोबर न्या.